पाण्याचं रॉकेट आणि पेनाने लिहिलेली वही

दिवाळीच्या सुट्टीत आठवीचे विज्ञानाचे पेपर तपासत होते. एका प्रश्नात प्रयोगाची निरीक्षणं आणि निष्कर्ष लिहायचा होता. १९ मुलांपैकी १९ जणांचा निष्कर्ष बरोबर, आणि जवळजवळ शब्दाला शब्द एकच. तो प्रयोग आम्ही वर्गात केलेलाच नव्हता. साहित्य नव्हतं म्हणून मी फळ्यावर आकृती काढून पुढे गेले होते. मुलांनी न पाहिलेल्या गोष्टीची निरीक्षणं लिहिली आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष हे टप्पे माझ्या मुलांना पाठ आहेत. पण आपला अंदाज चुकला तर काय करायचं, हे त्यांना कुणी कधी विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या सत्रात त्यांच्याकडून एकच प्रयोग, पण अगदी शेवटपर्यंत करून घ्यायचा असं मी ठरवलं. उत्तर पुस्तकात नसेल, साहित्य गावात मिळेल आणि मुलं आपणहून मैदानाकडे पळतील असा तो हवा होता. त्यातून पाण्याचं रॉकेट निघालं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, वर पंपाने हवा भरायची आणि बाटली सोडून द्यायची. आतली दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. आठवीच्या ‘बल व दाब’ पाठाशी ते जुळतं आणि पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचीही ओळख होते.

१३ नोव्हेंबर २०२४ ला मुख्याध्यापक सरांकडे लेखी अर्ज दिला. विषय लिहिला होता, ‘रॉकेट उड्डाण प्रकल्पास परवानगी मिळणेबाबत’. दोन दिवसांनी अर्ज परत आला. रॉकेट म्हटल्यावर फटाका, दारू, आग असंच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं आणि त्यात कुणाची चूक नव्हती. मी विषय बदलला: ‘पाणी व हवेच्या दाबावर चालणाऱ्या बाटलीचा प्रयोग (ज्वलनशील पदार्थाचा वापर नाही)’. सोबत एका पानावर सुरक्षेचे नियम आणि मैदानाचा नकाशा जोडला. कोण कुठे उभं राहणार, बाटली कुठे पडणार, वरून विजेच्या तारा कुठून जातात हे सगळं त्यात दाखवलं. असा अर्ज करणार असाल तर हा नकाशा पहिल्याच दिवशी जोडा. पुढचे सगळे प्रश्न त्यावर बोट ठेवूनच सुटले.

तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली. प्रशिक्षण, मग १९ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान. पेट्या जमा करून घरी पोहोचले तेव्हा २१ नोव्हेंबरची पहाट झाली होती. तारीख बघून आठवलं की १९६३ साली याच दिवशी केरळातल्या थुंबा गावातून भारतातलं पहिलं रॉकेट आकाशात गेलं होतं. नायकी अपाचे नावाचं ते अमेरिकी बनावटीचं रॉकेट होतं. शुक्रवारी वर्गात मुलांना ते सांगितलं. त्या काळात थुंब्याला रॉकेटचे भाग सायकलवरून नेत असत, त्याचा जुना फोटो मोबाइलवर दाखवला. एकाने लगेच विचारलं, “मॅडम, मग आपला पंप पण सायकलचाच ना?”

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक २७ नोव्हेंबरला झाली. ठराव झाला, पण एका आजींनी मला बाहेर थांबवलं. नात आठवीत आहे म्हणून त्या बैठकीला आल्या होत्या. “बाई, इथं प्यायला टँकर बघावा लागतोय आन् तुम्ही पोरास्नी पाणी उडवायला शिकीवणार व्हय?” माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. माणमध्ये पाण्याचा हिशोब घराघरात असतो आणि त्यांचा प्रश्न खरा होता. दुसऱ्या दिवशी मी तो तसाच वर्गात मांडला. उपाय मुलांनीच काढला. हात धुण्याच्या टाकीखाली बादली ठेवायची, ते पाणी फडक्याने गाळायचं आणि तेच वापरायचं. उडवायची जागा कडुनिंबाच्या नव्या रोपांच्या रांगेजवळ धरायची, म्हणजे फेकलेलं पाणी मुळाशी जाईल. नोंदवहीत ‘वापरलेलं पाणी’ असा वेगळा रकाना आखला. शेवटी हिशोब लागला तो असा: ६३ उड्डाणं आणि साधारण १९ लिटर पाणी. आजींच्या नातीनेच तो आकडा घरी नेऊन सांगितला.

पालकांची संमतीपत्रं जमायला आणखी चार दिवस गेले. २ डिसेंबरला काम सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी फक्त एक प्रश्न फळ्यावर लिहिला. सव्वा लिटरच्या बाटलीत किती पाणी भरलं तर ती सगळ्यांत उंच जाईल? प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं, ‘मला वाटतं... कारण...’. ‘कारण’नंतरची जागा रिकामी ठेवायची नाही. बाटली एक तृतीयांशाच्या आसपास भरावी असं मी वाचलं होतं. ते न सांगता गप्प राहणं हे मला या साडेतीन महिन्यांत सगळ्यांत जड गेलेलं काम. बहुतेकांनी लिहिलं, जितकं जास्त पाणी तितकं उंच, कारण जोर पाण्याचाच असतो. दोघांनी अगदी उलट लिहिलं, कारण रिकामी बाटली हलकी असते. आणि एका मुलीने लिहिलं, ‘मला वाटतं मधलं पाणी, कारण गोफणीत लई मोठा दगड घेतला तर लांब जात नाही आणि लई बारका घेतला तरी जात नाही.’ ती सकाळी शाळेआधी ज्वारीच्या रानात पाखरं राखते. तिचं वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं, पण बरोबर की चूक ते सांगितलं नाही.

पहिली रचना साधी होती. रबरी बूच, त्यातून आरपार घातलेली फुटबॉलची सुई आणि तिला पंप. ५ डिसेंबरला पहिलं उड्डाण झालं. बाटली वर गेली, अर्धा वर्ग भिजला आणि तो आवाज ऐकून पहिलीची मुलं वर्गाबाहेर आली. दुसऱ्या वेळी तेवढंच पाणी घेतलं, तर बाटली निम्मीच वर गेली. तिसऱ्या वेळी पुन्हा उंच. मुलांनी आधी बाटलीला, मग वाऱ्याला, मग पंप मारणाऱ्याला दोष दिला. मला कारण दिसत होतं, तरी मी तोंड मिटून उभी होते. चौथ्या दिवशी पंपाजवळ बसणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, काटा बघा की. बूच कधी १८ वर निघतंय, कधी ३१ वर. हवाच सारखी न्हाय तर पाण्याचं काय कळणार?”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे मी सात वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्या दिवशी ते एका मुलाने मला सांगितलं. मग चर्चा झाली ती काय काय सारखं ठेवायचं याची. हवा ४० पौंड. रॉकेटचं वजन ११० ग्रॅम, तेही किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून. पंख तेच. वेळ सकाळची. बुचाच्या जागी, आपण सोडू तेव्हाच सुटेल अशी काही कळ हवी होती.

ती बनवायला ९ ते १८ डिसेंबर लागले. कुणाला करायची असेल तर उपयोग होईल म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. अर्धा इंची पाइप उभा करायचा, त्यावर बाटलीचं तोंड घट्ट सरकतं. मी दहिवडीला जाऊन आधी अर्धा इंची सीपीव्हीसी आणला, तो बारीक निघाला, ७० रुपये गेले. अर्धा इंच म्हणून मिळणारा सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी बाहेरून सारख्या जाडीचे नसतात. आपल्याला यूपीव्हीसी हवा, साधारण २१ मिलिमीटरचा. दुकानात बाटली घेऊनच जा आणि तिथेच घालून बघा. पाइपावर रबरी रिंग बसवायची, ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेफ्लॉन टेपचे वेढे द्यायचे. पाइपाचं वरचं टोक बाटलीतल्या पाण्याच्या वर राहील इतकी लांबी ठेवायची, नाहीतर पाणी उलटं पंपात उतरतं. बाटलीच्या गळ्याला जी कडा असते ती धरायला पाइपाभोवती आठ-दहा केबल टाय उभे बांधायचे, डोकी वर करून. त्यांच्यावरून मोठ्या पाइपाचा तुकडा सरकवायचा, तो सगळी डोकी आत दाबून धरतो. त्या तुकड्याला दोरी. दोरी ओढली की तुकडा खाली येतो, टाय मोकळे होतात आणि बाटली सुटते. खालच्या टोकाला बंद टोपी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल. तो गावातल्या पंक्चरवाल्या दादांनी ३० रुपयांत बसवून दिला. हवा कुठून जाते ते साबणाच्या फेसाने शोधायचं हेही त्यांनीच मुलांना शिकवलं.

एकूण खर्च १,३३० रुपये झाला. काटा असलेला पायपंप ५५०, पाइप आणि जोड १८०, डोळ्यांना लावायचे चार चष्मे २४०, आणि बाकीच्यात टाय, वॉल, रिंगा, बूच-सुई, चिकटपट्टी, दोरा आणि तो चुकीचा पाइप. अनुदानातून ७३० रुपये परत मिळाले, कारण पक्की पावती फक्त पंपाची आणि पाइपाची होती. पैसे हातात यायला मार्च उजाडला. किरकोळ वस्तू एकाच दुकानातून घेऊन एकच पावती करून घेतली असती तर बरं झालं असतं. पंखांना पैसे लागले नाहीत. फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे तुकडे पडून होते, ते त्याने दिले.

बाटल्यांबद्दल मात्र कुणीही हयगय करू नये. फक्त कोल्ड्रिंकची बाटली वापरायची, तळाला पाकळ्या असलेली. ती मुळातच दाब सोसायला केलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. एका मुलाने ती आणली होती, ती मी बाजूला ठेवली आणि का ते सांगितलं. चरे पडलेली किंवा गरम पाण्याने धुतलेली बाटली नको. नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरायची आणि भिंतीआड ठेवून ठरलेल्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन बघायची. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी स्फोट होत नाही, नुसतं पाणी सांडतं. आम्ही ८० पौंडांवर तपासल्या आणि ४० च्या वर कधी गेलो नाही. एका बाटलीची २० उड्डाणं झाली की ती निवृत्त. टोकाला अणकुचीदार काही लावायचं नाही, आम्ही प्लास्टिकचा अर्धा चेंडू लावला. दोरी आठ मीटर, बाकी सगळे पंधरा मीटरवर. बाटली वर असेपर्यंत कुणीही पाठ फिरवायची नाही.

२० डिसेंबरला नव्या कळीवरून पहिलं उड्डाण झालं. बाटली सुटली आणि दहा मीटरवर जाऊन कोलांट्या खायला लागली. पुढचा भाग हलका होता. इथे पुन्हा गोफण कामाला आली. रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती फिरवायची. तोंड पुढे ठेवून फिरलं तर ते हवेत सरळ जाईल, आडवं-तिडवं फिरलं तर नाही. चेंडूच्या आत थोडी चिकणमाती भरल्यावर ते सरळ फिरायला लागलं. सगळ्या रॉकेटांचं वजन पुन्हा तोलून ११० वर आणलं.

मग उंची मोजायची कशी? आठवीला त्रिकोणमिती नाही. आम्ही कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या सरळ कडेला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली आणि मधल्या भोकातून दोऱ्याला नट लटकवला. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. तो म्हणाला, हा तर ओळंबाच. नळीतून रॉकेटच्या सर्वांत वरच्या जागेकडे बघायचं, दोरा बोटाने दाबून धरायचा आणि कोन वाचायचा. मोजणारे दोघे, उडवण्याच्या जागेच्या दोन बाजूंना ३० मीटरवर. रॉकेट वाऱ्याने एकीकडे कललं तर एकाचा कोन वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो, म्हणून दोघांची सरासरी. मग आलेखाच्या कागदावर १ सेंटीमीटरला २ मीटर धरून त्रिकोण काढायचा आणि पट्टीने उंची मोजायची. शेवटी मोजणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची.

हे यंत्र खरं बोलतं का ते बघायला २४ डिसेंबरला शाळेवरच्या टाकीची उंची मोजली. वरून टेप सोडून ती ८.२ मीटर भरली होती, पण तो आकडा मी मुलांना आधी सांगितला नव्हता. चार गटांची उत्तरं आली ८.०, ८.५, ६.९ आणि ८.३. तिसऱ्या गटाने डोळ्यांची उंची मिळवली नव्हती, तेवढाच फरक. ही दुपार फार मोलाची होती. आपलं मोजमाप थोडं इकडे-तिकडे होणारच आणि किती होतं हे आधीच माहीत हवं, ही गोष्ट मुलांना इथे कळली. पुढे तीच कामाला आली.

खऱ्या नोंदी ४ जानेवारी २०२५ च्या शनिवारी सुरू झाल्या. शनिवारी सकाळची शाळा आणि साडेसातला वारा नसतो. थंडीने बोटं काकडत होती. १०० मिलिलिटरची पाच उड्डाणं, २०० ची पाच, ३०० ची पाच. एका उड्डाणाला सहा मिनिटं धरा, त्याहून लवकर होत नाही. शेवटच्या पाचांना दहा वाजत आले आणि वारा सुटला. घरी जाताना गोफणवाली मुलगी म्हणाली, “मॅडम, आपण १०० शांत हवेत उडीवलं आन् ३०० वाऱ्यात. हे सारखं झालं का?” हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चढत्या क्रमाने जाणं मला नीटनेटकं वाटलं होतं. ती १५ उड्डाणं आम्ही वेगळ्या पानावर ठेवली आणि पुढच्या शनिवारपासून चिठ्ठ्या काढायच्या ठरल्या. ३५ चिठ्ठ्या, शून्यापासून ६०० मिलिलिटरपर्यंत प्रत्येकी पाच. जी निघेल ते पाणी भरायचं. शून्याची चिठ्ठी मुलांनीच घालायला लावली, पाणीच नसेल तर काय होतं ते बघायला.

११ जानेवारीला १८ उड्डाणं झाली. संध्याकाळी वही बघताना एका ओळीवर कागद पातळ झालेला दिसला. ४०० मिलिलिटर, उंची २६ मीटर. पण शेजारच्या रकान्यात दोन्ही कोन १४ अंश. ३० मीटरवरून १४ अंश म्हणजे उंची ९ मीटरच्या आसपास भरते.

सोमवारी मी वर्गातच विचारलं आणि माझा आवाज चढला. नोंदी लिहिणारा मुलगा उभा राहिला, खाली मान घालून. “मॅडम, ते उड्डाण चुकलं होतं. बाकी सगळे २६-२७ आले होते. तुम्ही रागावला असता.” मी रागावलेलेच होते. तो खाली बसला आणि दिवसभर बोलला नाही. मधल्या सुट्टीत मी एकटी वर्गात बसले. पहिलीपासून आम्ही या मुलांच्या हातात खोडरबर दिला आहे. चुकलं की खोड, नीट लिही, पान स्वच्छ दिसलं पाहिजे. न केलेल्या प्रयोगाच्या निष्कर्षाला पूर्ण गुण देणारी मीच होते. त्याने मला हवं असेल असं वाटलेलं उत्तर लिहिलं होतं.

दुपारी मी वर्गापुढे त्याची माफी मागितली. मग विचारलं, ९ मीटर का आले असतील? कुणीच बोलेना. तोच मुलगा हळूच म्हणाला की त्या वेळी दोरी ओढायच्या आधी खालून फुसफुस आवाज येत होता. सगळे उठून कळ बघायला गेले. रबरी रिंग एका बाजूने फाटली होती. ते एक उड्डाण खोडलेलंच राहिलं असतं तर फाटक्या रिंगेवर आम्ही पुढची सगळी उड्डाणं केली असती. त्या दिवसापासून वही पेनाने लिहायची असं ठरलं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण. खोडरबर दप्तरात. नोंदी लिहिण्याचं काम मी त्याच्याकडेच ठेवलं.

१८ जानेवारीला नव्या रिंगेवर उरलेली १७ झाली. पाण्याशिवायची बाटली जेमतेम चार मीटर गेली. १०० ला सरासरी १३, २०० ला २१, ३०० ला २६, ५०० ला २४, ६०० ला १९. ४०० ला अडलं. आकडे होते २६, २८, २७, ९ आणि २७. नऊ धरून सरासरी २३.४ येते आणि ३०० जिंकतं. नऊ सोडून २७ येते आणि ४०० जिंकतं. वर्गात दोन तट पडले आणि दोन तास वाद चालला. एक बाजू म्हणे, झालं ते झालं, धरायचंच. दुसरी म्हणे, रिंग फाटली होती, तो प्रयोगच वेगळा. मी फक्त एवढं विचारलं की ९ ऐवजी चुकून ४५ आले असते तर तुम्ही रिंग तपासायला गेला असतात का? बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी ठरलं ते असं. ४०० ची आणखी तीन उड्डाणं करायची. नऊचा ठिपका आलेखावर ठेवायचा, सरासरीत धरायचा नाही आणि का धरला नाही ते खाली लिहायचं. २५ जानेवारीला ती तीन झाली: २५, २८, २६. आता ४०० ची सरासरी २६.७ आणि ३०० ची २६. फरक पाऊण मीटरहूनही कमी. कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर उंची जवळजवळ एक मीटरने बदलते, हे टाकी मोजल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे दोघांत कोण पुढे हे आमच्या मोजपट्टीला कळतच नव्हतं. एक मुलगी वैतागली, “एवढं करून आपला निष्कर्ष काय, म्हायती न्हाय?” मी सांगितलं, जेवढं माहीत आहे तेवढं लिही. तिने लिहिलं: ‘३०० ते ४०० मिलिलिटर पाण्याला बाटली सगळ्यांत उंच गेली. या दोघांत कोणतं जास्त हे आमच्या मोजणीवरून सांगता येत नाही. कोन अर्ध्या अंशापर्यंत वाचता आला तर पुन्हा बघू.’ या वेळी १९ वह्यांत निष्कर्ष १९ वेगळ्या शब्दांत होता.

मधलं पाणी का, हे समजून घ्यायला आणखी दोन तास लागले. बाटलीत हवा म्हणजे दाबलेली स्प्रिंग आणि पाणी म्हणजे फेकायचं वजन. पाणी कमी घेतलं तर फेकायलाच काही नाही. जास्त घेतलं तर हवेला जागा उरत नाही, पाणी पुरतं बाहेर पडायच्या आत तिचा जोर ओसरतो. गोफणवाल्या मुलीचं वाक्य मी तेव्हा पुन्हा वाचलं. मुलांनी तिच्याकडे वळून बघितलं, ती वहीत बघत होती.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन डिसेंबरात होऊन गेलं होतं. तेव्हा आमच्याकडे फक्त बुचाची अकरा पानं होती, म्हणून मी नाव दिलं नाही, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, उडवून दाखवायची इच्छा होती. पण २१ पासून दहावीची परीक्षा सुरू झाली होती, शेजारच्या हायस्कूलला केंद्र आणि मैदान दोघांचं एकच. आवाज करता येणार नव्हता. मुलांनी व्हरांड्यात आलेख लावला, सगळ्या वह्या मांडल्या आणि पालकांना बोलावलं.

त्या आजी आल्या होत्या. आलेखापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. सगळे ठिपके डोंगरासारखे चढून उतरत होते आणि ४०० च्या रेघेवर एकच ठिपका पार खाली होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. “ह्यो का रं एकलाच खाली?”

नोंदी लिहिणारा मुलगा पुढे झाला. “आजी, त्या दिवशी रबर फाटलं होतं. आधी मी तो खोडला होता. मग आम्ही पेनानं परत लिवला.” आणि त्याने वहीचं ते पातळ झालेलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.